गच्चीवरचे सोलर पॅनेल आणि वारा
गच्चीवरच्या सोलर पॅनेलला खरा धोका वाऱ्याचा. तिरक्या पॅनेलखाली शिरलेला वारा त्याला वर उचलू पाहतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. पॅनेलचा सांगाडा त्याच हिशेबाने बांधायला हवा. तो स्लॅबवर पक्का करायला काँक्रीटचे ठोकळे किंवा केमिकल अँकर (छिद्रात रसायनाने चिकटवलेले बोल्ट) वापरतात. ड्रिल केल्यास वॉटरप्रूफिंग लगेच करावे. पत्र्याच्या छपरावर मात्र स्क्रू नुसत्या पत्र्यात अडकवून भागत नाही, तो खालच्या पर्लिनमध्येच (पत्रा पेलणाऱ्या आडव्या तुळईत) घट्ट बसला पाहिजे. सोबत रबर वॉशर हवाच. कोकणातल्या खाऱ्या हवेत ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यावेत. दर पावसाळ्याआधी सगळे नट-बोल्ट तपासून घ्या.