दाणा भरतो तेव्हा

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असते. हा सगळा साठा बीजदलांच्या पेशींमधल्या आंतर्द्रव्य जालिकेत घडतो. अमरावती-अकोल्याकडे सप्टेंबरात शेंगा भरू लागल्या की जालिकेचे काम सर्वांत जोरात चालते. वाण जेएस ३३५ असो की अमरावतीच्या संशोधन केंद्रातला पीडीकेव्ही अंबा, दाणा भरण्याची रीत एकच.

केंद्रकाच्या आवरणापासून पेशीभर पसरलेल्या चपट्या पिशव्या आणि नळ्या मिळून ही जालिका बनते. हिरव्या दाण्याच्या पातळ कापावर आयोडीन टाकले की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्टार्चचे कण निळे आणि प्रथिनांचे पुंजके पिवळसर दिसतात. जालिका मात्र दिसत नाही. कीथ पोर्टर आणि सहकाऱ्यांना ती १९४५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसली. शाळेच्या आकृतीत केंद्रकाशेजारी चार रेघा ओढून ती उरकली जाते, आणि तिथेच तिच्यावर अन्याय होतो. भरत्या दाण्यात ती सतत वाढत असते आणि तिचे पटल रायबोझोमांनी खच्चून भरलेले असते.

प्रथिनाची बांधणी मात्र जालिकेबाहेर, पेशीद्रवात सुरू होते. केंद्रकातून आलेला आरएनएचा संदेश वाचत रायबोझोम अमिनो आम्लांची साखळी जोडतो. सोयाबीनची मुख्य साठवण प्रथिने ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन. त्यांच्या साखळीची पहिली वीसेक अमिनो आम्ले म्हणजे जणू पत्ता. तो दिसताच एक वाहक कण रायबोझोमला धरतो, जोडणी थबकवतो आणि त्याला जालिकेवर नेऊन बसवतो. साखळी छिद्रातून आत सरकते आणि पत्त्याचा तुकडा कापला जातो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

सगळीच प्रथिने या वाटेने जात नाहीत. शेजारच्या बीटी कपाशीतले क्राय१एसी हे प्रथिन पेशीद्रवातच तयार होऊन तिथेच राहते.

आत गेलेल्या साखळीला नीट घडी पडणे हा खरा नाजूक भाग. बिप नावाचे मदतनीस प्रथिन अर्धवट साखळीला धरून ठेवते, गंधकाचे बंध जुळतात, बीटा-कॉनग्लायसिनिनला शर्करा जोडली जाते. मग तीन-तीन रेणू एकत्र येतात. घडी चुकलेला रेणू पुढे सोडला जात नाही. शेवटी त्याचे तुकडे होतात. नीट जमलेले रेणू गॉल्गी संकुलातून साठवण रिक्तिकांत पोचतात. ग्लायसिनिनची शेवटची काटछाट तिथेच होते.

तेलही जालिकेतच तयार होते. पटलाच्या दोन थरांमध्ये ते साचत जाते आणि ओलिओसिन या प्रथिनाचे आवरण घेऊन थेंबाच्या रूपाने बाहेर पडते.

उष्णता किंवा पाण्याचा ताण वाढला की घड्या बिघडतात. अशा वेळी पेशी बिप वाढवते आणि नवी बांधणी आवरते. बिप जास्त असलेली सोयाबीनची झाडे पाण्याच्या ताणात उशिरा कोमेजतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पावसाने नेमका शेंगा भरताना खंड दिला की सोंगणीला दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो. पानांकडून येणारे अन्न आटते, हे त्याचे मुख्य कारण.

सुकलेल्या दाण्यात हे सारे काम थांबते. पेरणीआधी शेतकरी ओल्या पोत्यावर १०० दाणे मांडून उगवणशक्ती तपासतात. ७० उगवले तर बियाणे चालते. त्या ओलाव्यात जालिका पुन्हा कामाला लागते आणि आता प्रथिने तोडणारी विकरे बनवून रिक्तिकांकडे पाठवते. त्यांनी फोडलेला साठाच कोंबाला पुरतो.