टोपी काढा, मगच आत या!

मित्रहो, सुरुवातीलाच कबूल करतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून गळ घातली म्हणून हे धाडस. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला ही विनंती.

विषय तसा छोटासा आहे. एक पाटी! "टोपी, गॉगल, स्कार्फ, हेल्मेट काढून आत यावे." बँकेच्या दारावर, एटीएमच्या काचेवर, सराफाच्या दुकानात आणि आजकाल गेम झोनच्या दारावरही ही पाटी दिसते. आपण सगळ्यांनी ती वाचली आहे आणि कोणीच तिच्यावर विचार केलेला नाही. मीही केला नव्हता. मागच्या मे महिन्यापर्यंत.

झालं असं की आमचे आबा (माझे आजोबा) डोळे तपासायला पाथरीजवळच्या गावाकडून परभणीला आले होते. सोबत काकांचा सात वर्षांचा मुलगा. डॉक्टरांकडचं काम लवकर आटोपलं, तर या पठ्ठ्याने गेम झोनचा हट्ट धरला. आबांना म्हटलं, चला, आत एसी आहे, निवांत बसा. बाहेर पारा ४२ च्या पुढे. दारात वॉचमनने अडवलं. "बाबा, टोपी काढा." आबांच्या डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी. आबा म्हणाले, "का बरं?" "कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही. साहेबांचा नियम आहे."

आणि मग मी, म्हणजे भावी इंजिनिअर, काय बोललो? "आबा, काढा ना, एक मिनिटाचं तर काम आहे!"

आबांनी वॉचमनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तू जा लेकराला घेऊन. मी हितंच बसतो." आम्ही पाऊण तास आत गाड्या पळवल्या आणि ७४ वर्षांचा माणूस बाहेर पायरीवर, पत्र्याच्या सावलीत बसून राहिला. परत जाताना एसटीत एवढंच म्हणाले, "देवापुढं बी टोपी काढत न्हाई आपण. अन् ह्या खेळण्यातल्या मोटारीपुढं काढू व्हय?"

त्या रात्री झोप आली नाही. वॉचमनचा राग नव्हता, तो बिचारा नोकरी करत होता. राग स्वतःचा होता.

टोपीचे दोन नियम

आम्हाला शाळेत शिकवलं की सभ्य माणूस घरात शिरताना हॅट काढतो. इंग्रजी धड्यांतला प्रत्येक 'जंटलमन' तेच करायचा. चर्चमध्ये पुरुष डोकं उघडं ठेवतात. आपल्याकडे नेमकं उलटं! पूजेला बसताना टोपी हवी. भजनात टोपी हवी. लग्नात पाहुण्यांचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. गुरुद्वारात आणि दर्ग्यात डोकं झाकूनच जायचं. 'बोडक्या डोक्याने' हा आपल्याकडे काही कौतुकाचा शब्द नाही. म्हणजे एकाच कृतीचा, टोपी काढण्याचा, एका पद्धतीत अर्थ 'मान दिला' असा होतो आणि दुसऱ्या पद्धतीत 'मान घालवला' असा.

हा घोळ जुना आहे. १८९३ साली डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने गांधीजींना पगडी काढायला सांगितली, तेव्हा ते नकार देऊन बाहेर पडले. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबारात उलट नियम: डोक्यावर दस्तार आणि कमरेला बुगलूस नावाचा पट्टा असल्याशिवाय हजर व्हायचं नाही! थोडक्यात, डोक्यावर काय असावं हे दाराचा मालक ठरवत आला आहे.

मग बंदी आली कशासाठी?

न्यायाने बोलायचं तर कारण अगदीच खोटं नाही. इंग्लंडमध्ये गेम आर्केड म्हणजे नुसती खेळणी नसतात, पैसे लावायची यंत्रंही असतात. तिथल्या २००५ च्या जुगार कायद्याप्रमाणे मोठ्या यंत्रांच्या जागी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. शिवाय ज्याला व्यसन लागलंय तो स्वतःहून 'मला आत घेऊ नका' असं लिहून देऊ शकतो. हे दोन्ही पाळायचं तर दारावर चेहरा दिसला पाहिजे. त्याच २००५ साली केंट परगण्यातल्या ब्लूवॉटर या मोठ्या मॉलने बेसबॉल कॅप आणि टोपडं ओढलेल्या जर्किनवर बंदी घातली आणि देशभर वाद झाला. काही जण म्हणाले, आता निर्धास्त खरेदी करू. काही म्हणाले, टोपीच्या नावाखाली तरुण पोरांनाच हाकलताय!

आपल्याकडच्या गेम झोनमध्ये लहान मुलं बंदुकीने झोंबी मारतात. पाटी मात्र तीच आली.

आता थोडं इंजिनिअरिंग

इथे कंपास काढा. समजा कॅमेरा ३ मीटर उंचीवर आहे आणि माणसाचे डोळे १.६ मीटरवर. फरक १.४ मीटर. माणूस कॅमेऱ्यापासून आडव्या अंतराने २ मीटरवर उभा असेल तर कॅमेऱ्याच्या नजरेचा उतार १.४ भागिले २, म्हणजे ०.७. बेसबॉल कॅपचा छज्जा ७ सेंटीमीटर पुढे आलेला धरा. तर छज्जाच्या खालचा ७ गुणिले ०.७, म्हणजे जवळजवळ ५ सेंटीमीटर चेहरा कॅमेऱ्याला दिसतच नाही. डोळे छज्जाखाली साधारण ३ सेंटीमीटरवर असतात. गेले!

तोच माणूस ७ मीटरवर उभा केला तर उतार ०.२ होतो, झाकतं फक्त १.४ सेंटीमीटर, डोळे दिसतात. पण ९० अंशाच्या भिंगाला ७ मीटरवर १४ मीटर रुंद दृश्य दिसतं. फुल एचडीचे १९२० पिक्सेल त्यावर वाटले तर १५ सेंटीमीटरच्या चेहऱ्याच्या वाट्याला २० पिक्सेल येतात. त्यात तुमचा चेहरा आणि तुमच्या रूममेटचा चेहरा सारखाच!

संगणकाचंही तसंच. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी चेहरा शोधायची जी प्रसिद्ध पद्धत दिली, ती आधी डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद आहे का ते बघते. छज्जाची सावली पडली की हा हिशोबच बिघडतो. कोरोनात तर गंमत झाली. जी दारं 'तोंड उघडं करा' म्हणत होती तीच 'मास्क नाही तर प्रवेश नाही' म्हणू लागली. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने जुलै २०२० मध्ये ८९ अल्गोरिदम तपासले. मास्क लावल्यावर त्यातल्या चांगल्या चांगल्यांची चूक ५ ते ५० टक्क्यांपर्यंत गेली.

आता आबांची टोपी बघा. पांढरी, घडीची, छज्जाच नसलेली! सूत्रात ७ च्या जागी ० घाला. उत्तर शून्य. म्हणजे त्या टोपीने कॅमेऱ्यापासून काहीच लपत नव्हतं. नियम बेसबॉल कॅपसाठी होता आणि लागला आबांना. पाटी लिहिणाऱ्याने 'चेहरा' लिहायच्या ऐवजी 'टोपी' लिहिलं, एवढीच चूक.

उपायही सोपा आहे. एक कॅमेरा तिकिटाच्या काउंटरवर, चेहऱ्याच्या उंचीला बसवा. उतार शून्य झाला की कोणाच्याच छज्जाची अडचण नाही. कित्येक एटीएममध्ये मशीनमध्येच समोर कॅमेरा असतो, तो याचसाठी.

कायदा काय म्हणतो?

घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तिथे कोणाला अडवता येत नाही. या यादीत 'कपडे' नाहीत, म्हणून मालक ड्रेस कोड ठेवू शकतो. पण डोक्यावरचं कापड आणि माणसाचा धर्म किंवा जात यांचं नातं आपल्या देशात इतकं जवळचं आहे की एकाला अडवता अडवता दुसऱ्याला कधी अडवलं ते कळत नाही.

मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, बुरखा, स्टोल, टोपी यांवर बंदी घातली होती. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, स्टोल आणि टोपीपुरती त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला मात्र ती सवलत नव्हती. म्हणजे न्यायालयानेही रेघ कुठे ओढली? डोकं आणि चेहरा यांच्या मधोमध. नीट परीक्षेत पारंपरिक पोशाखातल्या उमेदवाराला लवकर येऊन तपासणी करून घ्यावी लागते. तपासणी होते, मानही राहतो.

स्कूटीवरून उन्हात येणाऱ्या मैत्रिणींनी आत शिरताना तोंडावरचा स्कार्फ खाली घ्यावा, पोरांनी हेल्मेट काढावं, यात काही गैर नाही. कोणाची अडचण असेल तर बाईमाणसाने बाजूला घेऊन चेहरा बघावा. माझं म्हणणं एवढंच की नियम चेहऱ्याचा असावा, डोक्याचा नको.

शेवटी एक कबुली. मागच्या टेकफेस्टला आपल्या गेमिंग स्टॉलवर 'नो कॅप्स, नो स्कार्फ' ही पाटी मीच लावली होती, कुठूनतरी बघून. त्या दिवशी मेसचे मामा दारापर्यंत आले होते, पाटी वाचली आणि परत गेले. मला वाटलं होतं, त्यांना गेममध्ये इंटरेस्ट नसेल. मामांच्या डोक्यावर कायम टोपी असते हे मला आबांच्या प्रसंगानंतर आठवलं.

यंदाची पाटी लिहून तयार आहे: "चेहरा दिसू द्या. टोपी असू द्या." मामांना आमंत्रण देऊन आलोय. आबांनाही फोन केला. म्हणाले, "बघू, कापूस वेचून झाला की येतो."

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)