चिमुकल्या सैन्याचे चिलखत

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळ्या उडवून लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात दिलेले आहेत. भावी काळातील यंत्रयुद्धांची भयानक चित्रे रेखाटणारा हा लेखक स्वतः मात्र गुडघे टेकून बोटभर उंचीच्या पलटणी हलविण्यात रमून जात असे. अशा पलटणी इंग्लंडात घरोघर पोहोचविल्या त्या लंडनच्या ब्रिटन कंपनीने. आतून पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती तिने १८९३ साली काढली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि जर्मनीहून येणाऱ्या भरीव सैनिकांची सद्दी संपत आली.

पुढे खेळ बदलला. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हापासून योद्धे, मांत्रिक आणि राक्षसही या सैन्यात दाखल झाले. या खेळातील प्रतिमा अंगठ्याच्या पेराएवढी, सुमारे २८ मिलिमीटर उंचीची असते, आणि ती रंगवितो बहुधा खेळाडू स्वतः. एकेका प्रतिमेवर दोनदोन संध्याकाळी खर्ची पडतात. एवढ्या कष्टाने चढविलेला रंग चार डावांत तलवारीच्या टोकावरून आणि खांद्याच्या कडेवरून उडाला, म्हणजे खालचा धातू चमकू लागतो आणि रंगविणाऱ्याचा जीव हळहळतो.

हे टाळण्याची तयारी रंगाच्या आधीच करावी लागते. साच्यातून प्रतिमा सुटावी म्हणून लावलेल्या पुडीचा किंवा तेलकट द्रव्याचा अंश तिच्यावर राहिलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्याखेरीज रंग धातूला धरीत नाही. त्यानंतर कानशीने शिवण घासावी आणि अस्तराचा पातळ हात द्यावा. रंग सोलून निघतो तेव्हा दोष बहुधा वार्निशाला दिला जातो. वस्तुतः अपराध असतो तो न धुतलेल्या धातूचा.

वार्निशाच्या बाबतीत सौंदर्य आणि टिकाऊपणा यांचे फारसे पटत नाही. चकचकीत वार्निशाचा पापुद्रा कठीण असतो. परंतु त्यामुळे चिमुकला सैनिक नुकत्याच न्हालेल्या बेडकासारखा दिसतो. मंद वार्निशात सिलिकेची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. ती प्रकाश विखुरते, म्हणून चकाकी मरते. पण तिच्यामुळे पापुद्रा तितकासा चिवट राहत नाही. अनुभवी मंडळी यावर तोड काढतात ती अशी, की प्रथम चकचकीत वार्निशाचा पातळ हात देऊन तो एक दिवस वाळू द्यावयाचा आणि मग त्यावर मंद वार्निश फिरवावयाचे. पहिला हात झीज सोसतो, दुसरा रूप राखतो. डबा मात्र चांगला हलवून घेतला पाहिजे. पूड तळाशी बसून राहिली, तर नंतर ती एकदम बाहेर पडते आणि सैनिकांवर हिमवर्षाव झाल्यासारखे दिसते.

असाच पांढुरका थर दमट हवेतही येतो, परंतु त्याचे कारण निराळे. फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील बाष्प तेथे जमते आणि ओल्या पापुद्र्यात अडकते. म्हणून गोव्यात किंवा कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात फवारा न वापरणे बरे. पाण्यात मिसळणारे वार्निश मऊ कुंचल्याने लावावे. उलट ग्वाल्हेरच्या वैशाखात फवाऱ्याचे थेंब वाटेतच सुकतात आणि प्रतिमेवर खरखर बसते. तेथे सकाळची गार वेळ साधावी. खेळण्याच्या वस्तूवर रोगण चढविण्याची ही विद्या मराठी मुलुखाला नवी नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या रंगविलेल्या गोल पानांना लाखेचा लेप देतात, तो याच हेतूने.

हाताळणीचा प्रश्न येथे सुटला. परंतु जुन्या शिशाच्या सैनिकांचा मोठा वैरी निराळाच आहे. एखादा माणूस आपल्या वडिलांचे सैन्य मोठ्या मायेने ओकच्या कपाटात बंद करून ठेवतो आणि वीस वर्षांनी उघडतो, तो सैनिकांच्या चेहऱ्यांवर राखेसारखी पूड फुललेली! बोट लावताच नाक गळून पडते. संग्राहक याला शिशाचा रोग म्हणतात. तो रोग नव्हे. त्यात जंतू नाहीत. ओकच्या लाकडातून, हलक्या पुठ्ठ्यातून आणि काही गोंदांतून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे शिरक्यातील आम्लाची, वाफ मंदपणे निघत असते. ओलाव्याच्या साह्याने ती शिशाला खाते. मग हवेतील कार्बन डायऑक्साइड त्या क्षाराचे पांढऱ्या पुडीत रूपांतर करतो आणि आम्ल पुन्हा मोकळे होऊन नव्या शिशाकडे वळते. म्हणूनच थोडीशी वाफ अनेक वर्षे पुरते. पूर्वी हॉलंडमध्ये शिरक्याच्या मडक्यांत शिसे ठेवून, ती मडकी घोड्याच्या लिदीत पुरून रंगाऱ्यांचा सफेदा तयार करीत. बंद कपाटात नकळत तोच कारखाना चालू होतो.

वार्निश ही वाफ काहीशी अडविते, पूर्णपणे नाही. शिवाय तळाची बाजू कोणी रंगवीत नाही, आणि शत्रू नेमका त्या उघड्या दारातून शिरतो. तेव्हा अस्तर तळालाही द्यावे. मांडणी पत्र्याच्या किंवा काचेच्या कपाटात करावी. मात्र ज्या सांधेभरणीला शिरक्याचा वास येतो, ती त्या काचेला वापरू नये. आत सिलिका जेलची पुडी असावी, हवा अधूनमधून खेळती राहावी. अलीकडच्या धातूच्या बहुतेक प्रतिमा कथिलप्रधान, शिसेविरहित मिश्रधातूच्या असतात. त्यांना हे भय नाही.

पूड एकदा दिसली, की तिच्यावर वार्निश चढविणे व्यर्थ होय. झाकणाखाली क्षय चालूच राहतो. ती पूड विषारी असते. ती फुंकू नये, मुलांपासून दूर ठेवावी, सैनिक हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. बाधित सैनिक इतरांपासून वेगळा काढून ते कपाट आधी बदलावे, आणि सैनिक मोलाचा असल्यास संग्रहालयातील जतनतज्ज्ञाला दाखवावा. शंभर वर्षांपूर्वीचा मूळ रंग ज्याच्या अंगावर शाबूत आहे, अशा सैनिकाला मात्र नवे वार्निश मुळीच लावू नये. जाणत्या संग्राहकाला तो थोडा खरचटलेला असला तरी चालतो. नव्याने चकाकविलेला चालत नाही.