वारा पडला, लाटा का नाहीत?

लोणार सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, भोवती १४० मीटरांच्या आसपास उंच कडा. वाऱ्याला पाण्यावर धावायला अंतरच नाही. मग लाटा मोठ्या होणार कशा? वारा पडला की तेथले तरंगही लगेच निवतात. आपली मुले हाच अनुभव घेऊन सहलीला कोकणात जातात आणि फसतात. तेथे वारा पडला की शिडाच्या फळीवरचा स्वार जागीच अडकतो, पण लाटा येतच राहतात. त्या कदाचित हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जन्मलेल्या असतात. घड्याळ लावून लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ मोजा: ४-५ सेकंद असेल तर लाट बहुधा जवळच्या वाऱ्याची, १२-१५ असेल तर दूरची. मोजणी अर्थातच वाळूवरून!