निळा डबा: ‘अ‍ॅनिमॉर्फ्स’मधली हुकलेली संधी

के. ए. अ‍ॅपलगेट यांच्या ‘अ‍ॅनिमॉर्फ्स’ या मालिकेचे ५४ मुख्य भाग १९९६ ते २००१ या काळात आले. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यीर्क नावाचे गोगलगायीसारखे परजीवी माणसाच्या कानातून आत शिरतात, मेंदूवर ताबा मिळवतात आणि त्याच्या सगळ्या आठवणी वाचतात. मरता मरता एक अँडलाइट पाच मुलांना रूप बदलण्याची शक्ती देतो. प्राण्याला हात लावायचा, त्याचा डीएनए घ्यायचा, झालं. अट एकच. दोन तासांच्या वर त्या रूपात राहिलात तर कायमचे अडकलात. टोबायस पहिल्याच भागात ससाण्याच्या रूपात अडकतो. पुढे अ‍ॅक्स हा अँडलाइट मुलगा येऊन मिळतो आणि सहाजण होतात.

आता ‘अमक्या लढाईत वाघाऐवजी हत्ती का नाही झाले’ असले प्रश्न आपण बाजूला ठेवू. त्यांत मजा आहे, पण युद्ध त्यानं फिरत नाही. खरा प्रश्न निळ्या डब्याचा आहे. ही शक्ती देणारा तो ठोकळा २०व्या भागात मुलांच्या हाती लागतो. मग इतके भाग उलटले तरी ती सहाच का राहिली?

याचं उत्तर म्हणजे डेव्हिड. त्याच तीन भागांत मुलांनी त्याला सातवा म्हणून घेतलं, तो उलटला, आणि शेवटी त्यांनी त्याला उंदराच्या रूपात अडकवून एका बेटावर सोडून दिलं. त्यानंतर नवा माणूस घेण्याचं नावच नको झालं. भीती अगदीच पोकळ होती असं आम्ही म्हणणार नाही. यीर्क समजत होते की आपल्याला छळणारे लोक अँडलाइट आहेत. एक जरी पकडला गेला असता, तरी त्याच्या डोक्यातून सगळ्यांची नावं, घरं, आईवडील शत्रूला कळले असते. इथे कैद्याला बोलतं करायला मारहाणसुद्धा लागत नाही!

पण हे बघा, परीक्षा घेण्याचं साधन त्यांच्याकडे आधीपासून होतं. यीर्कला दर तीन दिवसांनी कँड्रोना किरण लागतात, नाहीतर तो मरतो. सहाव्या भागात जेकच्या डोक्यात यीर्क शिरला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला तीन दिवस डांबून ठेवलं. घरी संशय नको म्हणून अ‍ॅक्स जेकचं रूप घेऊन वावरला. म्हणजे माणूस ताब्यात आहे की नाही हे तीन दिवसांत पक्कं कळत होतं. अर्थात मनानं कच्चा किंवा क्रूर माणूस या चाळणीतून सुटतोच. डेव्हिडच्या डोक्यात यीर्क नव्हता. तो तसाच होता. पण एका चुकीच्या निवडीवरून निवड करणंच थांबवायचं? अखेर ५०व्या भागात मुलं दिव्यांग मुलांकडे गेली, कारण यीर्क अशी शरीरं घेत नसत. कल्पना उत्तम होती, पण फार उशिरा सुचली. त्या मुलांना शिकायला वेळच मिळाला नाही आणि शेवटच्या लढाईत ती मारली गेली. मालिकेतली आम्हाला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच आहे.

आणि डब्याचा दुसरा उपयोग? यीर्क दुसऱ्यांची शरीरं का घेतात? कारण स्वतःच्या रूपात तो आंधळा आहे, त्याला हातपाय नाहीत. कॅसीला हे १९व्या भागातच अ‍ॅफ्ट्रन नावाच्या यीर्ककडून समजलं. २९व्या भागात तिनं अ‍ॅफ्ट्रनला रूप बदलायला दिलं आणि अ‍ॅफ्ट्रन देवमासा होऊन कायमची समुद्रात गेली. कुणाला गुलाम न करताही यीर्कला डोळे मिळू शकतात, याचा तो चालताबोलता पुरावा होता. यीर्कांमध्ये युद्धाला विरोध करणारा गटही होता. त्यांना डबा देऊन टाकायचा नाही, एकेकाला शक्ती द्यायची आणि दोन तास उलटेपर्यंत समोर बसवायचं, एवढंच करायचं होतं.

तुम्ही म्हणाल, शक्ती घेऊन दोन तासांच्या आत एखादा पळाला तर? धोका होता, मान्य. पण ५०व्या भागात कॅसीनं जेकच्या भावाला, म्हणजे त्याच्या डोक्यातल्या यीर्कला, अख्खा डबाच नेऊ दिला. त्यापुढे हा धोका किती लहान! आणि युद्ध मिटलं तेव्हा तडजोड काय झाली? हीच. यीर्कांनी प्राण्यांची रूपं घ्यावीत आणि त्यांतच राहावं.

त्याआधी जेकनं शत्रूच्या जहाजावरचं तळं अवकाशात रिकामं करायला लावलं होतं. त्यात १७,३७२ यीर्क होते, सगळे निःशस्त्र. पुढे हेगला यीर्कांच्या सेनापतीवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलानं साक्षीला उभ्या असलेल्या जेकला याच तळ्याबद्दल विचारलं.