कथाधारित हस्तकला

कथाधारित हस्तकला म्हणजे बालकथेतील, विशेषतः अद्भुतकथेतील पात्रे, स्थळे व प्रसंग यांच्या आधारे विद्यार्थ्यांनी वर्गात वस्तू, मुखवटे, बाहुल्या किंवा चित्रे तयार करण्याचा शैक्षणिक उपक्रम होय. पूर्वप्राथमिक व प्राथमिक स्तरावर हा उपक्रम भाषा, कला आणि कार्यानुभव या विषयांना जोडतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, उदाहरणार्थ अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात, त्याचे स्वरूप प्रामुख्याने परिसरातील साहित्य आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथा यांवरून ठरते.

पार्श्वभूमी

मराठीतील बोलणाऱ्या प्राण्यापक्ष्यांच्या कथांची परंपरा जुनी आहे. शेणाचे घर बांधणारा कावळा आणि मेणाच्या घरात राहणारी चिमणी यांची कथा आजही बालवाडीत सांगितली जाते. तिचे जुने रूप महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्र' या तेराव्या शतकातील गद्यग्रंथात आढळते. तेथे चिमणीच्या जागी साळई हा पक्षी आहे. या ग्रंथात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभट यांनी संकलित केल्या आहेत. चक्रधरस्वामींचे वास्तव्य झालेले डोमेग्राम हे स्थान अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात गोदावरीच्या परिसरात आहे.

हस्तकलेला शालेय शिक्षणात स्थान देण्याचा आग्रह १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडलेल्या नई तालीम योजनेत होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे बालवाड्या चालवल्या. माँटेसरी पद्धतीच्या महाग साधनांऐवजी त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने अशा स्थानिक वस्तू वापरल्या. बालरंगभूमीवर सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले. राक्षस, चेटकीण व पऱ्या यांची बालनाट्ये रंगमंचावर आली आणि पुढे शालेय स्नेहसंमेलनांतही होऊ लागली. त्यांसाठी लागणारे मुखवटे, मुकुट व पंख शाळेतच बनवण्याची पद्धत रूढ झाली.

कथा व कृती

या उपक्रमासाठी निवडलेल्या कथेत सहसा एखादी भौतिक अडचण असते. ती हाताने सोडवून पाहणे हा कृतीचा गाभा असतो.

कावळा व चिमणी यांची घरे: विद्यार्थी एक घर शेणमातीचे व दुसरे मेण लावलेल्या कागदाचे बनवतात आणि दोन्हींवर झारीने पाणी ओततात. कागदावर मेणबत्ती किंवा मेणाचा खडू घासल्यास त्यावर पाणी थांबत नाही, तर शेणमातीचा लेप विरघळू लागतो. येथे कथेचा पडताळा येतो. मात्र प्रश्न संपत नाही. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, परंतु त्याआधीच उन्हाने मऊ होते. त्यामुळे उन्हाळ्यात कोणाचे घर टिकेल, हा पुढचा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो. शिवाय शेणाने सारवलेली जमीन पाहिलेल्या मुलांना शेण हे टाकाऊ नसल्याचे ठाऊक असते.

भोपळ्यातील म्हातारी: लेकीकडून परतताना वाघ-कोल्ह्यांना चुकवण्यासाठी भोपळ्यात बसणाऱ्या म्हातारीची ही कथा आहे. फुगवलेल्या फुग्यावर कागदाचे तुकडे खळीने थरावर थर चिकटवून वाळवले की पोकळ भोपळा तयार होतो. आतली बाहुली न पडता भोपळा घरंगळावा यासाठी दार कोठे व केवढे कापावे, हे मुले प्रयोगाने ठरवतात.

उंदराची टोपी: सापडलेल्या चिंधीची टोपी करून घेण्यासाठी उंदीर धोबी, रंगारी व शिंपी यांच्याकडे जातो. कापड धुणे, हळदीने किंवा बिटाने रंगवणे, धावदोरा घालणे आणि लोकरीचा गोंडा बनवणे या कृती कथेच्या क्रमानेच होतात.

स्थानिक साहित्य

अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीत असून तेथे पाऊस भरपूर पडतो; पूर्व व दक्षिणेकडील पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. उतरत्या छपरांची घरे पाहणारे मूल आणि मातीच्या धाब्याची सपाट घरे पाहणारे मूल एकाच कथेतील घर वेगवेगळे घडवू शकते. कृतीसाठी एकच नमुना न देण्याचे हे एक कारण होय.

काळी माती सहज मिळते, परंतु ती वाळताना आकसते व तडकते. तिच्यात चाळलेली राख किंवा बारीक वाळू मिसळल्यास तडे कमी पडतात. पोळ्याला मातीचे बैल करण्याच्या प्रथेमुळे हे काम अनेक मुलांच्या परिचयाचे असते. भिजवून कुटलेल्या कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालून टोपल्या बनवण्याची घरगुती पद्धत मुखवट्यांसाठीही उपयोगी पडते. कडब्याची ताटे, मक्याची पाने, चिंचोके व नारळाच्या शेंड्या यांपासून केस, मिशा व पंख तयार होतात. महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या वापरावर बंदी आल्यापासून अशा साहित्याचे महत्त्व वाढले आहे. मेण तापवणे आणि धारदार हत्याराने कापणे ही कामे शिक्षकाने करावयाची असतात.

शैक्षणिक स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक अध्ययनावर भर दिला आहे. महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला व कार्यानुभव यांचे मूल्यमापन लेखी परीक्षेऐवजी वर्षभरातील निरीक्षण व कृतींवरून होते. त्यामुळे तयार वस्तूइतकेच ती करताना मुलाने काय विचारले, काय बदलले व कथा पुन्हा कशी सांगितली, याला महत्त्व येते. घरी वेगळी बोली बोलणारी किंवा ऊसतोडणीच्या हंगामात पालकांसोबत स्थलांतर केल्यामुळे शाळेत खंड पडलेली मुले लेखनात मागे राहिली, तरी हातातल्या बाहुलीच्या तोंडून बोलती होऊ शकतात. पाथर्डी व आसपासच्या तालुक्यांतून असे हंगामी स्थलांतर होते.

मर्यादा व टीका

या उपक्रमावरील प्रमुख आक्षेप साचेबद्धपणाचा आहे. शिक्षकाने फळ्यावर काढलेला एकच राक्षस सर्व मुलांनी रंगवला, तर ती केवळ नक्कल ठरते. प्रदर्शनासाठी सुबक वस्तू हवी म्हणून पालकांनीच ती करून देणे किंवा बाजारातून तयार आणणे, हाही वारंवार नोंदवला जाणारा दोष आहे. शिवणकाम मुलींना व सुतारकाम मुलांना अशी विभागणी झाल्यास उपक्रमाचा हेतू मागे पडतो.

दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार कला व कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी असून ती १०० पेक्षा अधिक पट असलेल्या शाळांनाच लागू होते. कथाधारित हस्तकलेची उपयुक्तता सर्वाधिक असलेल्या प्राथमिक वर्गांना, तसेच वाड्या-वस्त्यांवरील लहान शाळांना, ही तरतूद लागू पडत नाही. परिणामी तेथे कथा सांगणे, साहित्य जमवणे व कृती घेणे ही सर्व जबाबदारी वर्गशिक्षकावरच येते. अनेक इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळांत त्यासाठी वेळ काढणे कठीण जाते. अशा ठिकाणी एकच कथा सर्व इयत्तांना सांगून लहान मुलांना मातीकाम आणि मोठ्यांना मुखवटे व संवादलेखन देण्याचा पर्याय वापरता येतो.