पेटी जळाली, पण नोंदी वाचल्या



बेणे, खते, पाणी यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. पण तो तुमच्या तोडीशीच निगडित असल्याने शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

गेल्या वर्षी आषाढ सरता सरता, भर आडसाली लागणीत, वादळी पावसाने डीपीवरचा न्यूट्रल तुटला. गट ऑफिसातली ट्यूब एकदम लख्ख झाली, पंखा गरगरू लागला आणि कॉम्प्युटरच्या खोक्यातून फट्ट आवाज येऊन जळका वास सुटला. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. यूपीएस दुरुस्तीस गेलेला, म्हणून मशीन थेट लाइनवर जोडलेले. शिवाय पंधरा दिवसांच्या लागण नोंदींची दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. चूक आमची, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी एक वयस्क सभासद काठी टेकीत आले. "साहेब, माझी लागण आखाडातली. नोंद गेली म्हंजी तोड मागं पडणार का वो?"

"आबा, जरा दम धरा, बघतो," एवढंच आम्हांस बोलता आलं. लागणीच्या तारखेवर तोडीचा नंबर. तो चुकला तर नुकसान सभासदाचे.

तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने वायर काढली, पेटी उघडली, पण आत हात घातला नाही. पॉवर सप्लायमधील मोठे कंडेन्सर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब धरून राहू शकतात. मीटर लावून ते रिकामे झाल्याची खात्री केली, मगच काम सुरू.

फ्यूज उडालेला, त्याच्या शेजारचा व्हॅरिस्टर फुटलेला, दोन्ही मोठे कंडेन्सर फुगलेले. ते प्रत्येकी २०० व्होल्टचे, म्हणजे दोन मिळून ४००. २३० व्होल्टच्या लाइनचे डीसी केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतात, तेवढे ते सोसतात. लाइन ४०० वर गेली की ५६५ होतात. मग टिकणार कसे?

आम्ही म्हटलं, "फ्यूज बदला की झालं."

तो हसला. "साहेब, विहिरीवरची मोटर जळालीय का ते न बघता नुसता फ्यूज घातला तर काय हुतं?"

खरंच होतं. मीटरने तपासता ब्रिज रेक्टिफायर आणि दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाले. ते सर्व बदलले. मग थेट लाइन न देता १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब पूर्ण पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे असे समजावे; क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. आमचा मंद झाला.

नंतर हिरवी वायर काळीला जोडून पेटी चालू केली. लोड म्हणून ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब! पिवळ्या वायरवर १२, लाल वायरवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालते. तिन्ही बरोबर आले.

पुढे त्याने घाई केली नाही. आधी फक्त मदरबोर्ड जोडला. तो चालू झाला. शेवटी हार्डडिस्क जोडली आणि पेटी लगेच बंद! आमच्या काळजात धस्स झालं. डिस्कच्या १२ व्होल्टच्या बाजूला मीटर शून्य दाखवीत होता. तिथला रक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बसला होता. ज्यादा दाब आला की पुढचे भाग वाचविणे हेच त्याचे काम. तो काढताच डिस्क फिरू लागली. पण आता ती बिनरक्षणाची. म्हणून दुसरे काहीही न करता आधी सर्व नोंदी उतरवून घेतल्या आणि ती डिस्क कायमची बाजूला ठेवली.

आबांची नोंद जशीच्या तशी सापडली. त्यांना घरी जाऊन सांगितलं, तेव्हा चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

यास्तव सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवे एकाएकी फार लख्ख झाले तर मेन स्विच ताबडतोब पाडावा व वायरमनला कळवावे. घरचा कॉम्प्युटर वा टीव्ही जळाल्यास नुसता फ्यूज बदलू नये, फ्यूजच्या जागी तांब्याची तार तर मुळीच घालू नये, आणि पेटी स्वतः उघडू नये. आर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालावे. नोंदीची पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी.

आणि आम्ही? आम्ही आता रोज संध्याकाळी नोंदींची प्रत काढूनच गट ऑफिसला कुलूप लावतो.